सुशीलाताईंना सुचलेलं

काल मुग्धाच्या शूटिंगला गेलो होतो. मुग्धा पूर्वी माझी सहायक होती. आता स्वतःचा पहिला सिनेमा करते आहे. मुलगा अपघातात गेल्याचा फोन येतो आणि स्वयंपाकघरात उभी असलेली आई कोसळते, असा प्रसंग होता. दोन टेक झाले, पण मुग्धाला पटेना. तिने मागे वळून विचारलं, "सुशीलाताई, तुम्हाला काय वाटतं?"

सुशीलाताई कपडेपट सांभाळतात. माझ्याकडेही त्यांनी अकरा वर्षं काम केलं होतं. हातातली साडी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "ती लगेच नाही पडणार. आधी गॅस बंद करेल."

पुढच्या टेकला नटीने फोन ठेवला, गॅस बंद केला आणि उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं. ओटा स्वच्छ झाला तरी ती पुसतच राहिली. सेटवर कोणी हललं नाही.

मी मात्र मत्सराने जळत होतो. सिनेमा एकाच डोक्यातून निघावा लागतो, असं मी आयुष्यभर सांगत आलो. माझ्या सिनेमातली पडद्याच्या रंगापर्यंतची प्रत्येक गोष्ट मीच ठरवली. पण असा एक क्षण त्यात कुठे नाही.

जेवणाच्या सुट्टीत सुशीलाताईंना गाठलं. "माझ्याकडे असताना असं काही सुचायचं नाही का तुम्हाला?"

"सुचायचं की, साहेब," त्या सहज म्हणाल्या. "घरी गेल्यावर मुलींना सांगायचे."

त्या मुलींना मी कधी पाहिलेलं नाही. आता त्यांचाही हेवा वाटतो.