लिंकच्या शेपटाला जोडलेली खूण

मंगळवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. सर, मी आणि तीन कॉम्प्युटर. जावा शिकून मला वर्षही झालं नव्हतं, तरी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट सरांनी माझ्यावर सोपवली. पेशंटनं पासवर्ड टाकायचा आणि आपले रिपोर्ट बघायचे.

लोक ते सायबर कॅफेतून बघत. तिथल्या पुष्कळ मशीनवर कुकी, म्हणजे ब्राउझरनं जपून ठेवायची ओळखचिठ्ठी, बंद असायची, त्यामुळं आत्ताच पासवर्ड टाकलेला माणूस हाच, हे सर्व्हरला ओळखूच यायचं नाही. लिंकवर क्लिक केलं की तो परत दाराबाहेर. म्हणून मी प्रत्येक लिंकच्या शेपटाला त्या माणसाची एक लांबलचक खूण जोडली. पुस्तकात तसंच दिलं होतं. खूण अर्ध्या तासात मरते अशी तक्रार आली, तेव्हा तिची मुदत दिवसभराची केली. सर खूश झाले.

एका सकाळी अकराच्या सुमाराला लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला. "एक बाई समोर बसल्यात. तुम्ही आधी इकडं या."

बाई कसबा बावड्याच्या, शाळेत शिकवायच्या. पुण्याच्या नणंदेनं शुगर किती आली म्हणून विचारलं होतं. यांनी कॅफेतून रिपोर्टची लिंक कॉपी करून तिला ईमेल केली. नीट गेली का बघावं म्हणून दुसऱ्या मशीनवर स्वतःच ती उघडली, तर पासवर्ड न विचारता त्यांचं सगळं खातं समोर आलं. त्यात मागच्या महिन्यातला गाठीचा रिपोर्टही होता.

"घरात कुणाला म्हाईत न्हाय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मालकांना बी न्हाय. तिनं बघितलं का, एवढंच सांग."

ज्याच्या हातात लिंक, तो सर्व्हरच्या लेखी तोच माणूस, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि असे किती पेशंट त्या घटकेला उघडे पडले असतील!

ऑफिसात परत येताना स्कूटर दोनदा बंद पडली. आल्या आल्या सर्व्हर बंद करून चालू केला. सगळ्या खुणा मेल्या. मग कुठलं पान कुठून उघडलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. बाईंची खूण शोधत एकेक ओळ खाली जात होते आणि मनात म्हणत होते, नसू दे, नसू दे. कॅफेच्या ओळी संपल्या. त्याखाली वेगळ्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरची ओळ होती. आधी शुगर. मग 'जुने रिपोर्ट'. मग गाठ.

सरांनी खांद्यावरून बघितलं. "न्हाई उघडली म्हणून सांग. त्यांना काय कळतंय?"

नोकरी जाईल, लॅबवाले पोलिसात देतील, वडील काय म्हणतील, सगळं एकदम डोक्यात आलं. तरी मी फोन लावला. डॉक्टरांनी तो बाईंकडं दिला.

"उघडलीय, मॅडम. चूक माझी आहे."

त्यांनी विचारलं, "तू वाचलास व्हय माझा रिपोर्ट?"

"नाही." ते खरं होतं. पण मला वाचता आला असता, हे दोघींनाही कळलं.

संध्याकाळपर्यंत पुण्याहून नणंदेचा त्यांच्या मालकांना फोन गेला होता. पुढं ऑपरेशन झालं, बाई बऱ्या झाल्या, असं डॉक्टरांकडून समजलं. एकदाच त्या मला लॅबच्या जिन्यात भेटल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"सगळ्यांनी चांगलं केलं माझं," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं मला हुतं की गं." आणि खाली उतरून गेल्या.

लिंकमधली खूण मी त्याच दिवशी काढून टाकली होती. कॅफेवाल्यांची ओरड सुरू झाली, सर चिडले, परत घाल म्हणाले. मी घातली नाही. महिनाभर रोज ऑफिसात शिरताच आधी नोंदी उघडायचे आणि अनोळखी पत्ता दिसला की तो कुणाचा ते कळेपर्यंत दुसरं काम हातात घ्यायचे नाही.