फेस यावा म्हणून

माझं लग्न झालं तेव्हा मला सतरावं लागलं होतं. माहेर बीबीचं आणि सासर नांदुऱ्यापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, पण जायला पुरा दिवस लागे. बीबीहून मेहकर, मेहकरहून खामगावपर्यंत मोटार, पुढं आगगाडीनं, जलंबला गाडी बदलून नांदुरा आणि तिथून बैलगाडी. बोलणंही वेगळं होतं. मी 'मला' म्हटलं की नणंदेला हसू येई. तिच्या घरात सगळे 'मले' म्हणत.

सगळ्यात मोठा फरक मात्र पाण्यात होता. सासरच्या विहिरीचं पाणी खारं. नांदुऱ्याकडचा तो सगळा पट्टाच तसा आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. कितीही लाकडं जाळा, दाणा वेगळाच राही. म्हणून प्यायला आणि स्वयंपाकाला गोडं पाणी मैलभरावरच्या नदीकाठच्या विहिरीतून डोक्यावर आणावं लागे. आंघोळीला आणि धुण्याला घरचं खारं पाणी.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी माहेरून आणलेला साबण त्या पाण्यात चोळला. फेस आलाच नाही. पाण्यावर फाटलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या आणि अंगावर एक चिकट थर बसला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या आत गेल्या.

पहिल्या सणाला मी माहेरी गेले, तेव्हा आईनं परतताना एक गाठोडं बांधून दिलं. त्यात लोणारचा खार होता. तळ्याकाठी सापडणारा हा खार आमच्याकडं बाजारात मिळे. चिमूटभर पापडात घालत, बाकीचा धुण्याला वापरत. सासूबाईंना त्याचा फार आनंद झाला. खाऱ्या पाण्यात मूठभर खार टाकला की पाण्याचा खारेपणा तळाशी बसतो आणि मग साबणाला फेस येतो, हे त्यांना ठाऊक होतं. इतके दिवस त्या बाजारातला धुण्याचा सोडा वापरत. "तुह्या माहेरचा खार सोड्यापेक्षा जोरदार हाये," त्या म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक फेरीला मी गाठोडं आणू लागले. माहेरच्या एका वस्तूला सासरी मान होता, याचं मला बरं वाटे.

त्याच पावसाळ्यानंतर माझी कातडी बिघडली. आधी आंघोळ झाली की गाल ताणल्यासारखे वाटत. मग कोपरांवर, मानेवर, गालांवर पांढरा कोंडा धरला. थंडी सुरू झाली तशा भेगा पडल्या आणि त्यातून कधी कधी रक्त येई. शेजारणी येऊन बघून जात. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, घरच्या आठवणीनं पोरीचं रक्त आटलं. एकीनं सासूबाईंना बाजूला नेऊन हळू आवाजात विचारलं, की लग्नाआधीचं तर काही नाही ना. ते मला ऐकू आलं. सासूबाईंनी तिला काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण ती बाई त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडं आली नाही.

उपाय सगळे झाले. कडुनिंबाचा पाला उकळून झाला, दुधाची साय झाली. सायीनं रात्रीपुरतं बरं वाटे आणि सकाळच्या आंघोळीनंतर पुन्हा तेच. नवरा नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वजन करून घेण्याच्या कामावर होता. त्याला साबणाचा संशय आला. त्यानं एक गुलाबी, वासाचा साबण आणला. मग हिरवा, कडुनिंबाचा म्हणून विकला जाणारा. दोन्हींनी फरक पडला नाही. तो वैतागला नाही, पण तिसरा साबणही आणला नाही.

माझी नणंद तेव्हा मराठी सातवीत होती, चौदा वर्षांची. घरात तिला लिहिता-वाचता सगळ्यांत जास्त येई आणि प्रत्येक गोष्टीला 'काऊन', म्हणजे का, असं विचारायची सवय होती. सासूबाई त्यावर चिडत. तिनं मला एक युक्ती सांगितली. दोन उपाय एकदम करायचे नाहीत. डावा हात फक्त बेसनानं धुवायचा, उजवा फक्त साबणानं, आठ दिवस. जो हात बरा होईल त्याचं खरं.

मी तसं केलं. आंघोळीच्या वेळी डाव्या हाताला बेसन, उजव्याला गुलाबी साबण. आठ दिवसांनी आम्ही दोघी अंगणात उन्हात बसलो आणि दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही सारखेच. डाव्यावर एक भेग जास्त होती.

नणंदेला हे पटेना. ती म्हणाली, बेसन तर तेल ओढून घेतं, बाकी काही करत नाही. मग डावा हात इतका का फुटावा? तिचा पुढचा विचार तिथंच अडला, आणि माझा तर आधीच अडलेला होता.

वाट निघाली ती एका डागामुळं. माझ्या पातळाच्या पदरावर हळदीचा डाग पडला होता. मी तो साबणानं घासला तर पिवळा डाग लालभडक झाला. बायकांना हे रोजचंच. कुणी त्याचा विचार करत नाही. पण नणंद तो पदर हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मास्तरांना विचारून आली. मास्तरांनी सांगितलं, की खारानं हळद लाल होते. कुंकूही तसंच करतात. आणि ज्यात खार नाही त्यानं हळद पिवळीच राहते.

तिनं जुन्या वहीचे कागद फाडले, हळदीच्या दाट पाण्यात बुडवले आणि दोरीवर वाळवले. वाळल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. रविवार होता. सासूबाई शेतात गेल्या होत्या. आम्ही ओसरीवर वाट्या मांडल्या आणि घरात जे जे अंगाला लावतात ते सगळं गोळा केलं. बेसनाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. शिकेकाईत आणखी उजळ पिवळी झाली. रिठ्याच्या पाण्याला भरपूर फेस आला, आणि तोही विहिरीच्या खाऱ्या पाण्यात, तरी पट्टीचा रंग बदलला नाही. हे पाहून मला नवल वाटलं, कारण फेस म्हणजे साबण असंच मी धरून चालले होते. राखेच्या पाण्यात पट्टी लाल झाली. गुलाबी साबणात लाल, हिरव्या साबणातही लाल. वास आणि रंग वेगळे, पण आतली गोष्ट एकच. माहेरच्या खाराचा खडा ओल्या पट्टीला नुसता टेकवला तर ती विटेच्या रंगाची झाली.

नणंदेनं प्रत्येकाखाली वहीत लिहिलं. मग नुसतं पाणी राहिलं. ती म्हणाली, पाणीही पाहू. घरच्या विहिरीवरून आणलेल्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली; चवीला खारं असलं तरी त्यात धुण्याचा खार नव्हता. मी म्हणाले, आता झालं, साबणच वाईट. ती म्हणाली, मग डावा हात? बेसनात तर काही निघालं नाही.

न्हाणीत सकाळचं घंगाळ होतं. तळाशी माझ्या आंघोळीचं उरलेलं थोडं पाणी होतं. तिनं सहज म्हणून त्यात पट्टी बुडवली. ती लाल झाली. तिला वाटलं, साबणाचा हात लागला असेल. पण मी तर साबण घंगाळात बुडवत नसे, बाहेर पाटावर ठेवत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी न्हाणीत जाऊन पाण्याला हात लावण्याआधी, पट्टी पुन्हा बुडवली. लाल.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सासूबाईंना विचारलं. विचारलं म्हणजे नणंदेनं विचारलं. माझी हिंमत नव्हती. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मीच टाकतो खार," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी इच्या साबनाले फेस नाई आला. नवी पोर, माहेरी गोडं पानी वापरलेली. म्हनलं, फेस तरी येऊ दे."

त्या रोज, मी उठण्याआधी, माझ्या घंगाळात खार टाकत होत्या. बाकी कुणाच्या पाण्यात नाही. पुरुष विहिरीवरच आंघोळ करत, नणंद शाळेच्या घाईत तिथंच दोन तांबे ओतून घेई. खार फक्त माझ्यासाठी होता. आंघोळीच्या साबणाला पुढं फेस येऊ लागला होता, तो पाणी बदलल्यामुळं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढं त्या हळूहळू जे बोलल्या त्यातून कळलं, की माझी कातडी बिघडल्यावर त्यांना वाटलं, साबण नीट निघत नसेल. म्हणून त्यांनी चिमटीची मूठ केली. जसजशी माझी कातडी फुटत गेली तसतसा खार वाढत गेला. आणि तो खार मीच आणून देत होते.

नणंदेनं त्यांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून हातात घेतल्या, आणि तेव्हा मी त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. रोज माझ्या डोळ्यांसमोर असलेले हात. बोटांची पेरं काळी पडून फुटलेली, अंगठ्याच्या मुळाशी भेग, तळव्याची कातडी वाळल्या सालीसारखी. मला नेहमी वाटत आलं, की हे कामाचे हात आहेत. त्यांनाही तेच वाटत होतं.

"म्हंजे हेही खारानंच?" त्यांनी नणंदेला विचारलं.

ती म्हणाली, "हाव. कपड्याचा मळ काढते तसं अंगातलं तेलही काढते. कपड्याले चालते, आपल्याले नाई."

सासूबाईंनी पट्ट्या परत दिल्या आणि पाखडायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. मला लाज वाटत होती आणि ती कशाची, हे मला धड सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून घंगाळातला खार बंद झाला. साबणही मी सोडला. रिठे फोडून रात्री भिजत घालायचे आणि सकाळी ते पाणी अंगाला लावायचं. अंग धुतलं की ओल्या अंगालाच जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. नवरा म्हणे, गोड्या पाण्याची एक घागर तिच्या आंघोळीला ठेवा. ते मी नको म्हटलं. घरात सात माणसं प्यायला होती आणि ते पाणी मीच डोक्यावर आणत होते; त्याचं वजन मला माहीत होतं. त्याची गरजही पडली नाही. पंधरा दिवसांत गालांवरचा कोंडा गेला, महिन्याभरात कोपरांच्या भेगा मिटल्या. मानेवर एक डाग राहिला तो कायमचा.

सासूबाईंनी मात्र धुण्यातला खार सोडला नाही. खाऱ्या पाण्यात त्याशिवाय कपडे निघतच नसत आणि जिनातून आलेले नवऱ्याचे सदरे तेलकट असत. धुणं मी करते म्हटलं तर त्यांनी मला साफ नाही म्हणून सांगितलं. "तुही कातडी आत्ताच कुठं भरून राह्यली," एवढंच म्हणाल्या.

त्यावर तोड काढली ती नणंदेनंच. लाल झालेली एक पट्टी तिनं चिंचेच्या पाण्यात टाकली, तर ती परत पिवळी झाली. तिनं ते आईला दाखवलं. म्हणजे खार उतरवता येतो. त्या दिवसापासून धुणं झालं की सासूबाई हात चिंचेच्या पातळ पाण्यात बुडवत, साध्या पाण्यानं धूत आणि वर तेल लावत. पहिल्या दिवशी भेगांना चिंच झोंबली, तेव्हा त्यांनी मुलीकडं जरा रोखून पाहिलं. मग पाणी आणखी पातळ करायला सांगितलं. उन्हाळा संपेपर्यंत अंगठ्याची भेग भरली. हात मऊ झाले नाहीत, पण रक्त येणं थांबलं. एकदा भाकरी थापताना त्या आपणहून म्हणाल्या, की आता पिठाचा गरमपणा कळतो, आधी कळत नव्हता. नुसतं जाड लागे.

मी पुन्हा माहेरी गेले तेव्हा आईला हे सांगितलं नाही. तिनं गाठोडं बांधलं, मी घेतलं, सासूबाईंनी ते कपड्यांच्या कोनाड्यात ठेवलं. दृष्ट लागली म्हणणाऱ्या शेजारणी मात्र रिठे मागायला येऊ लागल्या. सासूबाई त्यांना द्यायच्या आणि पट्ट्यांचं सगळं सांगायच्याही, पण मुलीनं शोधून काढलं असं न म्हणता 'आमच्या घरी कळलं' असं म्हणायच्या.

नणंदेनं सातवीची परीक्षा दिली. ती पास झाली. पुढं शिकायचं तर खामगावला राहावं लागलं असतं, आणि ती गोष्ट घरात एकदाच निघाली. त्यावर सासरे काय म्हणाले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ते रागावून बोलले नाहीत, म्हणून वाद झाला नाही. दुसऱ्या वर्षी पिंपळगाव राजाला तिचं लग्न झालं. जाताना तिनं ती वही माझ्याकडं दिली. काही महिन्यांनी तिचं कार्ड आलं. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, असं लिहिलं होतं. पाणी गोडं आहे, साबणाला लगेच फेस येतो आणि इथं कुणाच्याच अंगाला काही झालेलं नाही, त्यामुळं पट्ट्या करायचं काही कारण पडलं नाही, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं.