अव्वांचा त्रेसष्ट

देवानं माणसाला दहा बोटं दिली, तिथंच सगळा घोळ झाला. आठ दिली असती तर माझे निदान सहा महिने वाचले असते. दहाच्या पाढ्यावर वाढलेल्या डोक्याला कम्प्युटरसारखं एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक असं उतरत यायला सांगितलं की ते रुसून बसतं. माझं तर लई रुसलं. दुपारच्या सुट्टीत एका हातात शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी आणि दुसऱ्या हातात पेन धरून मी वाया गेलेल्या लेबलांच्या पाठीवर हे आकडे लिहीत बसायची आणि शेजारच्या बायका विचारायच्या, "काय गं, मटका लावायलीस काय?"

मी तेव्हा पॅकिंगला होते. कारखाना टॉवेलचा; सोलापुरात दुसरं काय असणार म्हणा. घडी आली की पिशवी, पिशवी आली की लेबल, लेबल चिकटवलं की पुढची घडी. दिवसभर नाकात कापसाची लव आणि बोटाला डिंक. करमाळ्याच्या कॉलेजात बी.कॉम. केलं ते काय ह्यासाठी, असं मी रोज सकाळी स्कूटी चालू करताना स्वतःला विचारायची आणि रोज संध्याकाळी विसरून जायची.

लेबल छापायचा प्रिंटर आठवड्यातून दोनदा मुका व्हायचा. मग पुण्याच्या कंत्राटदाराला फोन. तो आधी "बंद करून चालू करा" म्हणायचा आणि चार दिवसांनी स्वतः यायचा. दहा मिनिटं खुडबूड करायचा, "आयपी क्लॅश होतोय" असं एखादा डॉक्टर नातेवाइकांना सांगतो तशा चेहऱ्यानं सांगायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तिसऱ्या वेळी माझी सटकली. हा काय मंत्र आहे तरी काय, म्हणून मी मोबाइलवर शोधलं, आणि कळलं की मंत्र नाही, बिंत्र नाही. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, घराला लागतो तसा. आमच्या प्रिंटरला आणि गेटवरच्या कॅमेऱ्याला त्या शहाण्यानं एकच नंबर देऊन ठेवला होता. दोघं एका पत्त्यावर राहिले की भांडणारच. मी प्रिंटरचा नंबर बदलला. प्रिंटर बोलायला लागला आणि परत कधी मुका झाला नाही.

ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला पॅकिंगमधून उचलून ऑफिसात बसवलं, तिथं सगळे मला मॅडम म्हणायला लागले. त्या वर्षी त्यांनी नवे माग आणले होते, ज्यांना स्वतःचे पडदे आणि स्वतःचे नंबर असतात. माग, कॅमेरे, ऑफिस आणि पॅकिंग हे सगळे एकाच जाळ्यात कोंबले होते आणि एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. मालक म्हणाले, "तुम्हाला जमेल का हे वेगळं करायला?" मी जमेल म्हणाले. बाईमाणसानं असं पटकन जमेल म्हटलेलं पुरुषाला खरं वाटत नाही, म्हणून त्यांनी लगेच अट घातली. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाशी सोमवारी सकाळी अकराला त्यांची व्हिडिओवर बैठक होती. मालकांच्या टेबलावरच्या कम्प्युटरवरून गिऱ्हाइकाला नवे माग चालताना दाखवायचे होते. "ते नीट झालं तर कम्प्युटरचं खातं तुमच्याकडं. नाही झालं तर पुण्याचा माणूस, आणि तुम्ही परत पॅकिंगला."

परत पॅकिंगला. एकदा "मॅडम" ऐकायची सवय लागली की त्या स्टुलावर परत जाऊन बसणं म्हणजे चारचौघींत नाक कापून घेणं. त्या मला मटक्यावरून चिडवणाऱ्या बायकांच्या मधोमध! नको रे बाबा.

मी जीव तोडून काम केलं. आमच्या जाळ्यात शून्य ते दोनशे पंचावन्न असे एकूण दोनशे छप्पन्न नंबर. त्याचे चार सारखे वाटे केले, चौसष्ट-चौसष्टचे. पहिला वाटा ऑफिसचा, शून्य ते त्रेसष्ट. दुसरा मागांचा, मग कॅमेरे, मग पॅकिंग. आता ह्यात एक गोम आहे. प्रत्येक वाट्यातले चौसष्टच्या चौसष्ट नंबर वाटता येत नाहीत. पहिला नंबर म्हणजे त्या वाट्याचं नाव, तो कुणाला द्यायचा नाही. आणि शेवटचा नंबर हाळी घालायचा. त्याच्यावर काही पाठवलं की ते त्या वाट्यातल्या सगळ्यांना ऐकू जातं. तोही कुणाला द्यायचा नाही. ऑफिससाठी तो शेवटचा नंबर होता त्रेसष्ट. वाटे कुठं तोडलेत हे प्रत्येक यंत्राला कळावं म्हणून त्याला आणखी एक आकडा सांगावा लागतो, त्याला मास्क म्हणतात. मास्क चुकला की यंत्राला आपलं कोण आणि परकं कोण हे कळत नाही.

शनिवारी सगळं जोडून झालं. मालकांच्या कम्प्युटरला मी दहा नंबर दिला. रविवारी दिवसभर माग दिसले, कॅमेरे दिसले, प्रिंटर चालला. मी घरी जाऊन जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत आपण लवकरच फ्लॅट बघणार अशा थाटात चहा केला.

सोमवारी पावणेअकराला अव्वा आल्या.

अव्वा म्हणजे मालकांच्या आई. घर लिंगायत, अक्कलकोटकडचं. घरात कानडी, कारखान्यात मराठी. ऐंशीच्या पुढं वय, कपाळावर विभूतीच्या तीन ठसठशीत रेघा. कारखाना मालकांच्या नावावर होता, पण मालक अव्वांच्या नावावर होते. आणि अव्वांचा सगळा कारभार नवावर चालायचा. दारातल्या तिन्ही गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊ. मालकांच्या मोबाइलची बेरीज नऊ. सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यातली खोलीसुद्धा बदलून घेतली होती म्हणे. सून कळा देतीय आणि सासू खोल्यांची बेरीज करतीय!

त्यांनी मालकांच्या टेबलावरच्या कम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, मला वाटलं सुटले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ह्याचा नंबर काय गं?"

मालकांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं की प्रत्येकाला नंबर असतो. भोगा आता.

"दहा," मी म्हणाले.

"अय्यो, दहा? एकावर पूज्य? शुभ कामाला कुणी पूज्य ठेवतंय व्हय?"

मी पूर्ण नंबर कागदावर लिहून दाखवला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, दहा. अव्वांनी बोटांच्या पेरांवर बेरीज केली. एकशे ब्याण्णव आणि एकशे अडुसष्ट ह्यांच्या आकड्यांची बेरीज सत्तावीस, म्हणजे नऊ. त्या खूष झाल्या. जगभरातल्या घराघरांत, ऑफिसांत हाच एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्ट वापरतात, म्हणजे सगळ्यांना अव्वांचा आशीर्वाद आपोआप मिळालेला. फक्त माझ्या दहानं घात केला होता.

"मग शेवटाला त्रेसष्ट ठेव," अव्वा म्हणाल्या. "बेरीज नऊ. सहा आणि तीन एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात, पाठ न्हाई करत. आणि शिवाचे जुने भक्तबी त्रेसष्टच. लई मोठा नंबर हाय."

आता बघा. साधा नऊ होता. अठरा होता, सत्तावीस होता, चोपन्न होता. एवढ्या भरल्या बाजारात ह्या बाईंनी नेमका तोच माल उचलला जो विकायला नव्हता. मला त्याच क्षणी सांगता आलं असतं की अव्वा, हा नंबर कुणालाच देता येत नाही. तोंड उघडलंही मी. पण मालक घड्याळ बघत म्हणाले, "द्या की मॅडम, एक आकडा तर बदलायचाय," आणि माझ्या तोंडातून निघालं, "हो मालक."

मी त्रेसष्ट टाकला. कम्प्युटरनं साफ नकार दिला. हा नंबर आणि हा मास्क एकत्र चालणार नाही म्हणाला. बघा, त्या डबड्यात माझ्यापेक्षा जास्त हिंमत होती. मग मी काय केलं? फक्त त्या एका कम्प्युटरचा मास्क बदलला. त्याला सांगितलं की बाबा, तुझा वाटा चौसष्टचा नाही, एकशे अठ्ठावीसचा आहे. मग त्रेसष्ट मधेच कुठंतरी पडला आणि त्यानं गपगुमान घेतला. बाकी सगळ्या ऑफिसच्या दृष्टीनं मात्र त्रेसष्ट म्हणजे हाळीच होती. हे चालणार नाही हे मला माहीत होतं. चालेलही कदाचित, असं मी मनाला सांगितलं.

अकराला गिऱ्हाईक ताटकळत बसलं आणि मालकांचा कम्प्युटर कुणाशी बोलेना. माग दिसेनात, इंटरनेट नाही, काही नाही. वायर जोडलेली, दिवा लुकलुकतोय, आणि आत ठणठणाट.

"काय झालं?" मालक.

मी वायर काढून परत खोचली. मालकांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सरळ पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. मी पॅकिंगचं स्टूल डोळ्यांसमोर बघत उभी राहिले.

"साहेब, काळजीच करू नका," कंत्राटदार म्हणाला. "उद्या येतो आणि सगळं परत बसवून देतो."

अव्वा फोनकडं वाकल्या. "आमाला त्रेसष्ट नंबर पायजे. देशील?"

"हो आई, का नाही? तुम्ही म्हणाल तो देऊ."

"वाटे आहेत तसेच ठेवून?" हे मीच विचारलं. आवाज माझा होता हे मला नंतर कळलं.

"हो हो, काही अडचण नाही."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. "हौदा? खरं काय? तो तर देतो म्हणतोय की."

आणि तेव्हा मला जो राग आला तो काय सांगू! त्याचा आला, त्याच्यापेक्षा माझा स्वतःचा आला. पंधरा मिनिटांपूर्वी मीही त्याच्यासारखीच गोड हो म्हणाले होते. मी लेबलाचा एक कागद ओढला, त्रेसष्ट लिहिला, आणि खाली यंत्राच्या भाषेत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकात, तोच नंबर लिहिला. दोन शून्य आणि मग ओळीनं सहा एक.

"अव्वा, येत नाही देता. त्यालाही येणार नाही, कुणालाच येणार नाही. हे पहिले दोन शून्य म्हणजे आपलं ऑफिस. पुढं सहाच्या सहा एक. सगळे एक आले की तो नंबर एकट्याचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. त्याला हाक मारली की अख्ख्या ऑफिसला ऐकू जाते. मी मगाशीच सांगायला पाहिजे होतं. मला माहीत होतं आणि मी खोटं बसवलं. हा कम्प्युटर माझ्यामुळं बंद पडलाय."

फोनमधून "हॅलो? हॅलो?" येत होतं.

अव्वांनी ते सहा एक बोटानं मोजले. परत मोजले. मग मालकांना म्हणाल्या, "ठेव तो फोन. तुझ्या एकट्याच्या टेबलावर त्रेसष्ट जण बसवाय निघालोय आपण. पाप लागंल." आणि मला म्हणाल्या, "चोपन्न दे."

मी चोपन्न दिला, मास्क पूर्ववत केला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर माग धडधडायला लागले आणि मालक गिऱ्हाइकाला हात हलवायला लागले. मला रडायला यायला लागलं, म्हणून मी वायर बघायच्या निमित्तानं टेबलाखाली गेले.

तिथून बाहेर आले तर अव्वा दारापाशी थांबल्या होत्या. मला बाहेर घेऊन गेल्या.

"मगाशी का न्हाई बोललीस?"

"भीती वाटली, अव्वा."

"माझी?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "नाही. परत पॅकिंगला बसवतील ह्याची."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नवरा गेला तवा हा चार वर्षांचा हुता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कारखान्यात घड्या घातल्या मी, बारा वर्षं. हा तितंच गठ्ठ्यावर झोपायचा. तू ज्याला भ्यालीस ना, त्याच्यावर उभा राहिलाय हा कारखाना."

एवढं बोलून त्या गाडीकडं चालत गेल्या. खातं मला मिळालं, मालकांनी त्याच दुपारी सांगितलं. पॅकिंगच्या बायकांना ही बातमी माझ्याआधी कळली होती आणि त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं, भाकरी खायला ये म्हणून. मी गेले. बसले. भाकरीला हात लावायच्या आधी समोरच्या चार घड्या पिशवीत घातल्या.