आबा म्हणाले, उपुपा

आबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी त्यांना पुणतांब्याहून सावेडीला आमच्या घरी आणलं. हळूहळू ते काठी धरून चालायला लागले, पण वाचा परतली नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी गप्पा मारणारे माझे वडील, आता बोलायला गेले की नुसतं "आ... आ..." यायचं. समजत सगळं होतं, म्हणून चिडायचेही फार.

स्पीच थेरपीच्या बाई घरी यायच्या. "आधी ओठांची अक्षरं घेऊ. प, ब, म," म्हणत त्या पपईचं, बदकाचं चित्र समोर धरायच्या. आबा तोंड फिरवायचे. या वयात बालवाडीत बसवल्यासारखं वाटत असणार त्यांना.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या दिवसांत संगमनेरला पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांवर माझं व्याख्यान ठरलं होतं. त्याची तयारी मी गॅलरीत आबांपुढे बसून, मोठ्यांदा करायची. सगळे पक्षी त्यांच्या ओळखीचेच होते.

"आबा, किडे काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक पक्षी. त्याला शास्त्रात लॅनियस म्हणतात. आणि लॅटिनमध्ये लॅनियस म्हणजे काय? खाटीकच."

आबा खुदकन हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. टिटवीचं व्हॅनेलस हे नाव धान्य पाखडायच्या सुपावरून पडलं म्हटल्यावर त्यांनी चांगल्या हाताने हवेत सूप पाखडून दाखवलं. सुगरणीच्या नावात फिलिपाईन्स आहे, पण ती त्या देशात मुळी राहतच नाही, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

मग एका सकाळी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर हुदहुद उतरला आणि लांब चोचीने माती उकरू लागला.

"हा उपुपा एपॉप्स," मी म्हटलं. "उपुपा लॅटिन, एपॉप्स ग्रीक. लोकांनी त्याचा आवाज जसा ऐकला तसंच नाव ठेवलं. उप, उप, उप. स्वतःचं नाव त्यानेच सांगितलं म्हणा ना."

आबा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"उ... पु... पा."

मी चहाचा कप खाली ठेवला. "पुन्हा म्हणा, आबा."

"उपुपा." अगदी स्पष्ट.

माझा नवरा दाढीचा साबण तसाच तोंडाला लावून बाहेर आला. आबांनी त्यालाही ऐकवलं. दुपारी थेरपीच्या बाई आल्या, तर त्यांनाही तेच.

"म्हणजे काय हो, आबा?" त्यांनी विचारलं.

आबांनी दम घेतला. "पक्... षी."

त्यानंतर पाणी आलं, भाकरी आली, आणि एक दिवस मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "पोरी." मी गॅस बंद करून तिथेच रडले.

संगमनेरच्या व्याख्यानाला आबा पहिल्या रांगेत बसले होते. हुदहुदाची पाळी आली, तेव्हा मी थांबले. "याचं नाव माझे वडील सांगतील."

ते काठी टेकवत उभे राहिले. "उपुपा... एपॉप्स. त्यो सोताच सांगतो. मानसानं... निस्तं ऐकायचं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आबा बसायलाच तयार होईनात.

परतीच्या वाटेवर ते गाडीत पुढे, गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याशेजारी बसले आणि बोलतच राहिले. कुणाचा ऊस लई पिवळा पडलाय, कुणी पाणी जादा सोडलंय. वाक्यं मधेच तुटायची, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मागे बसून मी घर येईपर्यंत ऐकत होते.