दारामागची रेघ

पुरात बुडालेलं घर विकायचं तर पाडव्याला विकावं, हे मला एका रंगाऱ्यानं शिकवलं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंही नाही. नदीकडच्या गल्लीतलं माझं घर रंगवायला तो चार दिवस येत होता. साठीचा असेल. ब्रश उचलण्याआधी भिंतीवर तळहात टेकवायचा, मग हाताचा वास घ्यायचा.

"पाडव्यापतोर भित्ती वाळत्यात, पावणं. आखाडात गिऱ्हाईक आधी नदी बघतंय, मग घर."

आमच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला पुराच्या गाळाची रेघ उमटली होती. रंगाचे दोन हात देऊन त्यानं ती झाकली. फक्त पुढच्या दारामागं वीतभर तशीच ठेवली. मी भडकलो.

"एवढीच कशाला सोडली?"

"परत्येक घरात सोडतो. समदी झाकायला हात धजत न्हाय. ज्याला बघायचं हाय, त्यानं दार लावून बघावं की." ब्रश धूत तो हळूच म्हणाला, "आजवर कुनी लावलं न्हाय."

दाराआड कोण बघतंय, म्हणून मीही ती रेघ राहू दिली.

पाडव्याला एक तरुण जोडपं घर बघायला आलं. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. सगळ्या खोल्या फिरून ती पुढच्या दाराशी आली आणि तिनं कडीला हात घातला.

"दार नीट लागतंय न्हवं?"

"लागतंय की, वहिनी," म्हणत मी उघड्या दाराला पाठ लावली, आणि त्यांनी घर पसंत केल्याशिवाय तिथून हललो नाही.