पत्र्यामधला वाख

"तुझा पत्रा उडाला आणि थेट माझ्या डुकरिणीवर पडला!" पुरिंगचा बाप ओरडत होता.

"आणि तुझा दोर राहिला ना जागेवर? मग त्याच्याचखाली निज आता!" मामाने उत्तर दिलं.

वादळाचा दुसरा दिवस. बाप दोरासाठी अबाका नावाच्या केळीसारख्या झाडाचा वाख काढणारा, मामा छपरांचे पत्रे ठोकणारा. छपराला पक्कं काय, दोर की पत्रा, यावर दोघे हमरीतुमरीवर आले होते. सहा वर्षांची पुरिंग टेबलाखाली तोंडावर हात धरून हसत होती. शेवटी आईने दोघांपुढे नारळाच्या दुधातला अळू आदळला. म्हणाली, "तुम्हा दोघांना एकमेकांना चिकटवून टाकलं पाहिजे, म्हणजे मी सुटेन."

पुरिंग मोठी झाली ती वाखातच. विराक गावात चाळीस वर्षं तिने वाखाची प्रतवारी केली. डोळे मिटून बोटांनी सांगायची, हा जहाजाच्या दोराचा, हा टोपीचा, हा चुलीत घाला. तिने बांधलेली मोळी सोडून बघायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून तर कॉलेजातली इंजिनियर जोनालिन तिच्याकडे आली. दोन पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये वाख घालायचा, राळेने चिकटवायचा आणि होड्यांना हलकी, न गंजणारी फळी करायची, असा तिचा घाट होता. पुरिंगने उत्तमातला उत्तम वाख दिला, केसासारखा चमकणारा. पण ताण तपासणाऱ्या यंत्राने ओढ दिली की पत्रा केळाच्या सालीसारखा सुटून यायचा. आठ महिने हेच चाललं. आता शुक्रवारी मनिलाहून तपासणारे येणार होते. तेव्हाही सुटला तर काम बंद, आणि कागदावर कायमचं लिहिलं जाणार, की या बेटाचा वाख निकामी.

"माझा वाख निकामी?" सोमवारी सकाळीच पुरिंग कॉलेजात जाऊन थडकली.

जोनालिन हातमोजे घालून पत्रा घासत होती, पुसत होती, पुन्हा पुसत होती.

"हात नका लावू, मानाय! बोटाचा घाम लागला तरी राळ धरत नाही." वडीलधाऱ्या बाईला तिथे मानाय म्हणत.

पुरिंगने हात मागे घेतला आणि स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. तळवा चकाकत होता. प्रतवारीला बसण्याआधी हाताला खोबरेल चोळायचं, ही आईची शिकवण. बोटं कापत नाहीत, वाखाला झळाळी येते. अख्खं बेट तेच करायचं. श्वास घेतो हे कुणी सांगत बसतं का, तसंच ते. गप्प राहिली असती तर चाळीस वर्षांचं नाव शाबूत होतं. दोष राळेवर गेला असता.

"घामाचं एवढं कौतुक, तर बये, तेलाचं काय?"

"कसलं तेल?"

पुरिंगने दोन्ही तळवे पुढे केले. जोनालिनने ते हुंगून बघितले.

"मानाय! आठ महिने मी राळा बदलतेय!"

"एवढी शिकलीस, आणि म्हातारीला एक प्रश्न विचारवला नाही होय?" पुरिंग म्हणाली आणि स्वतःच इतकी हसली, की जोनालिनलाही हसू आवरेना.

मग पुरिंगने वाख साबणाच्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवला आणि कोरड्या हातांनी निवडला. दहा बोटांपैकी सात कापली. शुक्रवारी यंत्र कुरकुरलं, आकडा चढत गेला, फळी वाकली. पण पत्रा सुटला नाही. शेवटी तुटली तेव्हा पत्रा आणि वाख एकदमच तुटले. जोनालिन शाळकरी पोरीसारखी नाचली.

मनिलाच्या साहेबांनी चष्मा सावरला. "वाखावर कोणती प्रक्रिया केलीत?"

"साबण," पुरिंग म्हणाली.

त्यानंतर अकरा वर्षं दर गुरुवारी ती मोळी घेऊन कॉलेजात गेली. शेवटच्या गुरुवारी ती त्र्याऐंशीची होती. शनिवारी झोपेतच गेली. त्या गुरुवारीही मोळी मांडीवर घेऊन रिक्षाने आली होती, पहारेकऱ्याला म्हणाली, "पोट आत घे, मला जाऊ दे." मोळी जोनालिनच्या टेबलावर ठेवली, खालची जुडी जरा जाड आहे, वेगळी वापर, असं बजावलं. गेल्या आठवड्याचं रिकामं पोतं झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता म्हणून भराभर निघाली.