मावशीची हनुवटी

माझ्या भाचीला फार कमी ऐकू येतं, हे सोळा वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. शाळेत बहिरी म्हणून चिडवतील, म्हणून मीच तिला शिकवलं: लोकांचे ओठ बघ, नाहीतर माझ्याकडे बघ. कुणी तिला हाक मारली की मी नुसती हनुवटी वर करायचे. ती लगेच वळून हसायची. ब्लाउज बेततानाही माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच.

पोरगी हुशार. नर्सिंगला लागली, दोन्ही वर्षं पहिली आली. वॉर्डात मात्र घोडं अडलं. कानाला स्टेथोस्कोप लावला की ओठ कुणाचे बघणार? एकदा तिने रक्तदाब अंदाजाने लिहिला आणि सिस्टरांनी पकडलं. म्हणाल्या, "ठोके पडद्यावर दाखवणारा स्टेथोस्कोप मिळतो. एक तारखेपर्यंत आण. नाहीतर मी तुला पेशंटजवळ उभी करणार नाही." बरोबरच होतं त्यांचं.

किंमत ऐकून मला घाम फुटला. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी निधी असतो म्हणे. शिक्षण कार्यालयात गेलो, तर "नर्सिंगवाल्यांचं आमच्याकडे नाही, आरोग्य खात्यात जा." तिथे खिडकीवरचे साहेब म्हणाले, "चाळीस टक्क्यांचा दाखला आणा." चाळीस? अहो, दार बडवलं तरी कळत नाही माझ्या पोरीला!

तपासणीला तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरची खुर्ची मोडकी, म्हणून मला तपासनिसाच्या मागेच बसायला सांगितलं. तो मान खाली घालून आवाज सोडायचा, तेव्हा यंत्रावर बारका दिवा लागायचा. मी जीव मुठीत धरून त्या दिव्याकडे बघत होते.

दाखला आला. एकतीस टक्के. निधीला अपात्र. फेरतपासणी सहा महिन्यांनी.

जिन्यात मी त्या मेल्या यंत्राचा उद्धार केला. भाचीने माझा हात धरला. "मावशी, तू हनुवटी वर करत होतीस गं. मला वाटलं, दाब म्हणतेयस."

कपाळ माझं! मला पत्तासुद्धा नव्हता. पोरीचं वाटोळं दुसऱ्या कुणी नाही, मीच केलं होतं.

महिनाअखेरीला विनंतीचा अर्ज घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी गेलो. साहेबांनी भाचीचा नंबर पुकारला. एकदा. दोनदा. ती सवयीने माझ्याकडे बघत बसली होती. मी हनुवटी छातीला घट्ट टेकवून ठेवली.

साहेब तिच्यावर खेकसले, "ओ बाई, ऐकू येत नाही का?"

"नाही!" मी उठून ओरडले. सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. "नाही ऐकू येत तिला! कधीच येत नव्हतं! तेच लिहून द्या ना, साहेब!"

साहेबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "कागदावर एकतीसच आहेत," असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.